मुलाला घरी सांगता आले पाहिजे

(वळ, ता. भिवंडी, जि. ठाणे येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या चालकांनी मला मुलांचे संगोपन आणि मोबाईल ह्या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात असे आले असेल, की नुकतीच दीक्षा घेतलेल्या माणसांच्या सभेत हा विषय कशासाठी? येथे शीलाविषयी बोलावे, हक्कांविषयी बोलावे. मोबाईलविषयी बोलण्यासारखे ते काय आहे? माझे मत निराळे आहे. दीक्षा एका दिवसात घेता येते. परंतु घरात बाप मुलाशी कसा बोलतो, आई मुलीवर कितपत विश्वास टाकते, चूक झाली असता घरातील मोठी माणसे काय करतात, ह्या गोष्टी एका दिवसात बदलत नाहीत. त्या बदलल्या किंवा नाही ह्याची परीक्षा आज जितकी मोबाईलच्या निमित्ताने होत आहे, तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

आपल्या ह्या वळ गावाकडेच पाहा. जेथे एके काळी भातशेती होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. वळ, दापोडा, मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर हा सारा टापूच गोदामांचा झाला आहे. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी मुंबईच्या वेशीबाहेर माल साठविण्यास सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. परंतु गोदामे गेली नाहीत. उलट, घरबसल्या माल मागविण्याचा जो नवा व्यापार निघाला आहे, त्याने ती अधिकच वाढली. त्या गोदामांत आपल्यापैकी कोणी माल चढवितो-उतरवितो, कोणी खोकी बांधते, कोणी रात्रभर पहारा करतो. नवरा रात्रपाळीला आणि बायको दिवसपाळीला अशी कित्येक घरे येथे आहेत. आईबापांची भेट दारातच होते. एक आत येतो, दुसरा बाहेर पडतो. मधल्या वेळात दहा-बारा वर्षांचे मूल घरात एकटे असते आणि त्याच्या सोबतीला मोबाईल असतो.

हा मोबाईल घरात कसा आला, हे आपण विसरता कामा नये. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. ज्या घरी मोबाईल नव्हता, त्या घरच्या मुलाची शाळा बंद पडल्यासारखीच होती. त्या वेळी कित्येक आईबापांनी उसनवारी करून, कित्येकांनी हप्त्यांनी मोबाईल विकत घेतला. मुलाचे शिक्षण थांबू नये एवढाच त्यांचा हेतू होता. तेव्हा आज ऊठसूट त्या वस्तूस शिव्या देण्यात अर्थ नाही. ज्यांच्या वाडवडिलांच्या कानावर अक्षर पडू नये अशी व्यवस्था ह्या देशात होती, त्यांनी तरी ज्ञानाचे साधन मुलांच्या हातून हिसकावून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे.

परंतु त्याच साधनातून परका मनुष्य आपल्या घरात शिरतो हेही खरे आहे. दाराला कडी असते, खिडकीला गज असतात, आणि तरीही तो मुलाच्या उशाशी येऊन बसतो. तो कसा येतो हे नीट समजून घेतले पाहिजे.

समजा, सातवीत शिकणारी एक मुलगी आहे. आई कामाला गेली आहे, बाप रात्रपाळी करून झोपला आहे. मुलगी मोबाईलवर खेळ खेळते. त्या खेळात परस्परांशी बोलण्याची सोय असते. तेथे तिची कोणाशी ओळख होते. तो म्हणतो, मी आठवीत आहे. कदाचित मुलीचेच नाव सांगतो, मुलीचेच छायाचित्र लावतो. पहिल्या दिवशी तो काही वाईट बोलत नाही. तिच्या खेळाची तारीफ करतो, तिच्या दिसण्याची तारीफ करतो, घरी कोण रागावले असेल तर तिची समजूत घालतो. ज्या मुलीला दिवसभरात कोणी चांगला शब्द बोललेले नसते, तिला हा मनुष्य आपला वाटू लागतो. नंतर तो तिला दुसऱ्या एखाद्या ठिकाणी खाजगी बोलण्यास बोलावतो. मग म्हणतो, आपली मैत्री कोणाला सांगू नकोस. येथपर्यंत यावयास कधी महिने लागतात, कधी दोन दिवस पुरतात. त्यानंतर तो छायाचित्र मागतो. आधी साधे, मग तसे नव्हे. आणि ते एकदा हाती आले, की त्याचा स्वर बदलतो. आणखी पाठव, नाही तर हे तुझ्या शाळेत पाठवीन. पैसे पाठव, नाही तर तुझ्या बापाला दाखवीन.

हे शेवटचे वाक्य आपण आईबापांनी फार लक्षपूर्वक ऐकावे. तुझ्या बापाला दाखवीन! ज्या बापाने मुलीच्या मदतीला धावावयाचे, त्याच बापाची भीती घालून हा मनुष्य आपला धंदा चालवितो. त्या मुलीला त्या परक्या माणसाचे भय वाटते, परंतु बापाचे त्याहून अधिक वाटते, म्हणूनच त्याची धमकी लागू पडते. ज्या दिवशी ती मुलगी म्हणू शकेल, की दाखव, मी आजच बाबांना सांगितले आहे, त्या दिवशी त्याच्या हातातील मुख्य शस्त्र निकामी झाले. त्याचे सारे भांडवल मुलाच्या भीतीचे असते. आणि ते भांडवल, मला सांगावयास खेद होतो, आपल्याच घरातून त्याला मिळते.

हा प्रसंग केवळ मुलींवर येतो असे समजू नका. मुलांनाही याच पद्धतीने जाळ्यात ओढून त्यांच्याकडून पैसे उकळले जातात. आणि मुलगे तर मुलींहूनही कमी बोलतात, कारण रडू नकोस असे आपण त्यांना लहानपणापासून शिकविलेले असते.

मूल घरी का सांगत नाही, ह्याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. त्याला ठाऊक असते, की सांगितले तर प्रथम एक थप्पड बसेल, मग मोबाईल जाईल, मग नातेवाइकांत बोभाटा होईल. थकूनभागून आलेल्या माणसाचा हात चटकन उठतो. त्याची दमणूक मी जाणतो. साहेबाने गोदामात त्याला वाटेल तसे बोललेले असते, त्याचा राग तो घरी घेऊन येतो. परंतु ज्या माणसाला वरच्याने खालच्याला मारण्याचा अधिकार मान्य नाही आणि ज्याने त्याच कारणासाठी जुना धर्म सोडला, त्याने आपल्या घरात मात्र तो अधिकार स्वतःकडे ठेवावा, हे मला सुसंगत वाटत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील मास्तरांस मुलाला मारण्याची वा त्याचा मानसिक छळ करण्याची मनाई केली आहे. मास्तराने मारले असता आपण शाळेत जाऊन जाब विचारतो, आणि ते योग्यच आहे. मग तोच जाब मुलाने आपणांस विचारला तर?

ह्यावर कोणी म्हणेल, की मारावयाचे नाही, ओरडावयाचे नाही, तर मुलास वळण लावावयाचे कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच धम्मात फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. मज्झिमनिकायात अम्बलट्ठिक-राहुलोवाद नावाचे सुत्त आहे. भगवान बुद्धांनी आपल्या स्वतःच्या मुलाला, राहुलाला केलेला उपदेश त्यात आहे. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात काही धम्मवचनांची नावे देऊन ती भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत असे सांगितले; त्या नावांत असत्य भाषणाविषयी राहुलाला केलेल्या ह्या उपदेशाचेही नाव आहे. इतके त्याचे महत्त्व आहे.

त्या सुत्तात काय घडते? भगवान राहुलाकडे येतात. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरलेले असते. ते उरलेले पाणी दाखवून, मग ते फेकून देऊन, मग ते भांडे पालथे करून, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य किती थोडे व किती रिकामे असते, हे ते मुलाला समजावतात. मुलाच्या हाताशी असलेल्या वस्तूवरून शिकविण्याची ही तऱ्हा पाहा. नंतर ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? मुलगा म्हणतो, पाहण्यासाठी. त्याचप्रमाणे आपले प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि करून झाल्यावर तपासून पाहावे, ह्याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय हे पाहावे, असे ते सांगतात. आणि केलेले कृत्य वाईट होते असे दिसून आले तर? तर ते शास्त्याला किंवा जाणत्या सोबत्याला उघड सांगावे, आणि पुढे जपून वागावे. शिक्षेचा त्यात उल्लेख नाही. सांगावे आणि सावरावे, एवढेच आहे. आता असे सांगता येण्यासाठी समोर ऐकून घेणारा मनुष्य असावा लागतो. त्या सुत्तातील बाप तसा होता.

ह्याच सुत्ताच्या प्रकाशात आणखी एक लहानशी गोष्ट तपासून पाहू. मुलाला मोबाईलवर खाते उघडून देताना वय विचारले जाते. मूल अकरा वर्षांचे असते. आपण काय करतो? दुसरे साल टाकून देतो, किंवा आपल्याच नावाच्या खात्यावर त्याला बसवून देतो. म्हणजे ज्या मुलाला आपण पंचशील पाठ करावयास लावले, त्याला पहिले असत्य आपणच शिकवितो, आणि तेही त्याच्या जन्मतारखेचे. त्याचा परिणाम काय होतो तेही ऐका. मोबाईलपलीकडील यंत्र त्या मुलाला प्रौढ समजते. प्रौढांस दाखवावयाची चित्रे त्याला दाखविते, प्रौढांच्या जाहिराती त्याच्यापुढे ठेवते, अनोळखी माणसांचे निरोप त्याच्यापर्यंत पोहोचू देते. मुलांच्या खात्यांना हल्ली काही आपोआप संरक्षण असते. खोट्या वयामुळे ते निघून जाते. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी आईबापांची खात्रीशीर संमती घेण्याचे आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती न दाखविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. परंतु कागदोपत्री जे मूल तीस वर्षांचे आहे, त्याला हा कायदा काय उपयोगी पडणार? म्हणून मुलाचे खाते निराळे असू द्या आणि त्यावर त्याचे खरे वय असू द्या.

एका खोलीत, दोन पाळ्यांच्या संसारात मुलाकडे लक्ष देणे शक्य आहे काय, असा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनात आहे. त्यांना मी परळच्या डबक चाळीतील एका खोलीची आठवण देतो. परमपूज्य बाबासाहेब विद्यार्थी असताना त्या एकाच खोलीत सारे कुटुंब राहत होते. चूल तेथेच, बिछाना तेथेच. अभ्यासाला शांतता नव्हती. त्यांच्या वडिलांनी, सुभेदार रामजींनी, काय केले? मुलाला लवकर झोपावयास लावावे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहावे, दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग आपण निजावे, असा क्रम त्यांनी ठेवला. पुस्तकांसाठी पैसे नसत, तेव्हा ते आपल्या लेकींकडे जाऊन दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. मोठी खोली किंवा अधिक पैसा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी बदलली ती स्वतःच्या झोपेची वेळ. आजच्या आईबापांनी चोवीस तास मुलाशेजारी बसावे असे कोणी म्हणत नाही. परंतु पाळीवरून आल्यावर अर्धा तास आपला स्वतःचा मोबाईल बाजूला ठेवून, आज काय पाहिलेस, कोणाशी खेळलास, मलाही दाखव, असे विचारता येईल किंवा नाही? चौकशीच्या सुरात नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. फौजदाराला मुले उत्तरे देतात, गोष्टी सांगत नाहीत.

आपला स्वतःचा मोबाईल असे मी मुद्दाम म्हटले. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. करोनानंतर मुले मोबाईलमध्ये इतकी गुंतली, की अभ्यास सुटला. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील स्त्रियांची ग्रामसभा झाली आणि भोंगा बसविण्याचे ठरले. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजला, की मोकळीक. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक ह्यांनी घरोघरी जाऊन लोकांस समजावले. ह्यातील मर्म असे, की मुलांचाच नव्हे, तर मोठ्यांचाही पडदा त्या वेळात बंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ह्या गावच्या ग्रामसभेने दुसरा मार्ग धरला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरूच नये, असा ठराव केला आणि दंडही ठेवला. त्या गावकऱ्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. परंतु दोहोंपैकी निवड करावयाची झाली तर मी वडगावच्या बायकांच्या बाजूने उभा राहीन. बंदी असलेल्या गावातले मूल मित्राच्या मोबाईलवर काहीतरी भलते पाहील किंवा कोणाच्या तावडीत सापडेल, तेव्हा त्याला दोन गुन्हे लपवावे लागतील. एक घडलेला आणि दुसरा मोबाईल हाती घेतल्याचा. ते घरी काय सांगणार?

येथे ऑस्ट्रेलियाचा दाखला विचार करण्यासारखा आहे. त्या देशात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू देण्याची मनाई झाली आहे. परंतु त्या कायद्यात शिक्षा मुलाला नाही आणि आईबापांनाही नाही. मुलांना दूर ठेवण्याची जबाबदारी, आणि न ठेवल्यास दंड, कंपन्यांना आहे. जो ह्या व्यवहारात पैसे मिळवितो त्याच्यावर भार टाकावा, हे न्यायाला धरून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ साली मान्यता दिली, तिच्या समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की मुलाचे हक्क पडद्यावरच्या जगातही तेच राहतात. संरक्षणाचा हक्क त्यांत आहे, तसा माहिती मिळविण्याचा व बोलण्याचा हक्कही आहे.

ह्याच ठिकाणी मला मुलींविषयी थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण आजच्या सभेत माता पुष्कळ आहेत. मुलाच्या हातून मोबाईलवर चूक झाली तर त्याला शिव्या मिळतात आणि दोन दिवसांनी मोबाईलही परत मिळतो. मुलीच्या बाबतीत तसे होत नाही. तिचा मोबाईल जातो, शिकवणी जाते, मैत्रिणी जातात. काही घरांत शाळा सुटते आणि स्थळे पाहणे सुरू होते. गुन्हा त्या परक्या माणसाने केलेला असतो आणि जन्मठेप मुलीला होते. दुसऱ्या मुली हे पाहतात आणि काय समजावयाचे ते समजून गप्प बसतात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या मातांना सांगितले होते, की मुलांना शिकवा, त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. मोबाईलवर आलेल्या एका धमकीपायी जी मुलगी नववीतून घरी बसविली जाते, तिच्या बाबतीत ह्या तिन्ही गोष्टींवर पाणी पडते. भगिनींनो, असा प्रसंग आल्यास तिला जवळ घ्या आणि सर्वांत आधी हेच सांगा, की तू सांगितलेस हे बरे केलेस, ह्यात तुझा दोष नाही, उद्या तू शाळेत जाणार आहेस. बाकीचे सारे त्यानंतर.

बाकीचे म्हणजे कायद्याचे. घाबरून जाऊन त्या माणसाला पैसे देऊ नका. एकदा दिले की तो पुन्हा मागतो. रागाच्या भरात सारे पुसूनही टाकू नका. त्याचे निरोप, त्याचे नाव, क्रमांक, पैसे मागितल्याची नोंद, हे सर्व जपून ठेवा, कारण पुरावा तोच आहे. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. मुलाचे तसे छायाचित्र मामाला, काकाला, गावच्या पुढाऱ्याला, हे पाहा काय झाले, म्हणून पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब ह्या कलमाप्रमाणे अशी सामग्री पुढे पाठविणे हा गुन्हा आहे, आणि हेतू चांगला असला तरी त्या मुलाची विटंबना व्हावयाची ती होतेच. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी सामग्री नुसती जवळ बाळगण्याच्या बाबतीतही कडक भूमिका घेतली आहे. ज्यांना गटागटांत आलेली चित्रफीत न पाहताच पुढे ढकलण्याची सवय आहे, अशा आपल्यातील पुरुषमंडळींनीही हे ध्यानात घ्यावे.

मुलांवरील लैंगिक अपराधांविषयीचा २०१२ चा कायदा, ज्यास लोक पोक्सो म्हणतात, त्याची भीती आपल्या वस्तीत फार आहे. परंतु तो मुलाच्या बाजूचा आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे, आणि मोबाईलवरून मुलाचा वाईट हेतूने पिच्छा पुरविणे हेही त्यात येते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेषात नसावा, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, असे तो कायदा सांगतो. मुलाची ओळख वर्तमानपत्रांनी प्रसिद्ध करणे हाच गुन्हा आहे. त्यामुळे नाव फुटेल ह्या भयाने गप्प बसण्याचे कारण नाही. उलट, गुन्ह्याची माहिती असून न कळविणाऱ्या प्रौढास शिक्षा आहे. तेव्हा चार वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून प्रकरण वस्तीतच मिटविण्याचा रिवाज येथे चालणार नाही. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागला, तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे त्यास सांगावे.

क्रमांक लिहून घ्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८, रात्रंदिवस, पैसे पडत नाहीत. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली आणि मूल स्वतःदेखील हा क्रमांक फिरवू शकते. तातडीच्या संकटात ११२. खात्यातून पैसे गेले तर १९३०, आणि तो त्याच क्षणी, कारण जितका उशीर तितके पैसे परत मिळणे कठीण. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर मुलांसंबंधीची तक्रार स्वतःचे नाव न देताही करता येते. छायाचित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ नावाची एक विनामूल्य सोय २०२३ पासून आहे. ती अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राची आहे. तीत छायाचित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही, त्याची केवळ एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी कंपन्या आपल्या जागेवरील ते छायाचित्र शोधून काढून टाकतात.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयी दोनच शब्द. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला आहे. तरीही खेळातील हिरे फुकट देतो, आलेला आकडा सांग, असे सांगणारे भेटतच राहतील. बापाच्या मोबाईलवर पगार जमा होतो आणि त्याच मोबाईलवर मूल खेळते, ही व्यवस्थाच धोक्याची आहे. पैशाच्या देवघेवीचा गुप्त क्रमांक मुलाला सांगू नका.

आणखी एक दुःख आपल्याच मुलांच्या वाट्याला येते. वर्गाच्या गटात जयभीम लिहिले म्हणून, निळे निशाण लावले म्हणून किंवा नुकतीच दीक्षा घेतल्याचे छायाचित्र टाकले म्हणून त्यांना जातीवरून हिणवले जाते. मूल हे घरी सांगत नाही, कारण आईबापांना वाईट वाटेल असे त्याला वाटते. लेकरे आपणांस किती जपतात पाहा! अशा वेळी जाऊ दे म्हणू नका. ते बोलणे जपून ठेवा, वर्गशिक्षकांपुढे ठेवा, आणि गरज पडल्यास कायद्याचा आधार घ्या. धर्मांतर केले म्हणून संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. १९९० साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांनाही लागू आहे.

जाता जाता आपल्या हौसेविषयी. मुलाचे शाळेच्या गणवेषातील छायाचित्र, त्यावर शाळेचे बोधचिन्ह, खाली नाव, गाव आणि वाढदिवस, असे सारे आपण अभिमानाने जगापुढे मांडतो. परक्या माणसाला ओळख वाढविण्यासाठी आणखी काय हवे असते? मुलाला विचारल्यावाचून त्याचे छायाचित्र टाकू नये. त्याने नाही म्हटले तर टाकू नये. त्याच्या नाही म्हणण्याला घरात मान मिळाला, तर बाहेरही ते नाही म्हणू शकेल.

वडगावचा सात वाजताचा भोंगा वळला लागू पडणार नाही, कारण सात वाजता येथे अर्धी माणसे कामावर असतात. आपली वेळ आपण शोधली पाहिजे आणि ती स्त्रियांनी ठरवावी असे माझे सुचविणे आहे. दुसरे, बारावी झालेल्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली-मुलांनी पुढील रविवारपासून येथे दोन तास बसावे आणि ज्यांना जमत नाही अशा आईबापांच्या मोबाईलवर मुलांचे निराळे खाते, खरे वय, अनोळखी माणसांचे निरोप बंद करण्याची सोय, ही कामे करून द्यावीत. येताना मुलाला बरोबर आणावे. त्याच्या पाठीमागे काही करू नये. ज्या मातांची रविवारीही पाळी असते, त्यांनी आपली नावे आजच चालकांकडे द्यावीत, म्हणजे त्यांच्यासाठी सकाळची निराळी वेळ ठेवता येईल.